हरिहरपंतांची गरमी

अमरावतीच्या कचेरीबाहेर लिंबाखाली बसून लोकांचे अर्ज लिहून देणाऱ्या हरिहरपंतांना जगात दोनच गोष्टींची मनापासून चीड होती. एक कामातला ढिसाळपणा आणि दुसरी परक्याचा लंगोट. पहिलीची चीड कोणालाही असू शकते. दुसरीची यायला काहीतरी घडावं लागतं, आणि ते घडलं होतं.

त्या वर्षी अमेरिकेत लढाई चालू होती. तिकडे तोफा उडाल्या की तिकडचा कापूस अडे आणि इकडे वऱ्हाडात कापसाचा भाव उडे. ज्यांनी जन्मात जोंधळ्याच्या भाकरीपलीकडे पाहिलं नव्हतं ते बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या करू लागले. अमरावतीत दलाल, गाडीवान, गुमास्ते यांची इतकी रीघ लागली की धर्मशाळेत पाय ठेवायला जागा नाही. आता एवढी माणसं म्हटल्यावर त्यांचे कपडेही आलेच. पंतांचे कपडे धुणारा शालिकराम वरठी पूर्वी धोतर नुसतं पाहून ते कोणाचं हे सांगे. आता नदीवर धोतरांचा डोंगर पडलेला पाहून त्याची मती गुंग झाली, आणि एके दिवशी पंतांच्या गाठोड्यात कोणा गाडीवानाचा लाल काठाचा लंगोट आला. वाईट एवढंच की पंतांना ते कळलं तेव्हा तो नेसून ते भर कचेरीपुढे बसले होते.

संध्याकाळी पंतांनी शालिकरामला ओट्यापुढे उभं करून तोंडी अर्जच वाचला. "यापुढे माझ्या प्रत्येक कपड्यावर खूण पाहिजे. ठिपका नको, ठिपके काय गावभर असतात. आमचं नाव हरिहर. त्रिशूळ काढ. चांगला ठसठशीत, दगडावर आपटला तरी न जाणारा."

"लंगोटावर बी काढू का पंत?"

"लंगोटावर आधी!"

शालिकराम मान हलवून गेला आणि पंतांच्या दृष्टीने प्रकरण निकाली निघालं.

घरात तेव्हा पंत एकटेच होते. रमाबाई भावाच्या लग्नाला म्हणून माघात माहेरी अकोल्याला गेल्या होत्या आणि लग्नाच्या पसाऱ्यात तिथेच राहिल्या होत्या. आखिजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पंतांनी जाऊन त्यांना घेऊन यायचं ठरलं होतं. पंत रोज हाताने करपवलेला भात खात आणि आखिजीची वाट पाहत. रमाबाईंवर त्यांचा फार जीव होता. तो त्यांनी बोलून कधी दाखवला नव्हता, कारण जिवाचा अर्ज कसा लिहितात हे त्यांना ठाऊक नव्हतं.

अशात अंजनगाव सुर्जीचे खुशालराव आले. त्यांच्या वावराच्या बांधाचा तंटा पंतांनी लिहिलेल्या अर्जावर सुटला होता आणि खुशालरावांचा आनंद पोटात मावत नव्हता.

"पंत, आज तुमाले सोडत नाई! मैनाबाईची बैठक ठरोली हाय. तुमी नाई आले त म्या बी नाई जात, अन् म्या नाई गेलो त थे बाई म्हनन, अंजनगावचा मानूस कद्रू हाय. मंग? माह्या गावाची इज्जत तुमच्या हाती!"

एका अख्ख्या गावाची इज्जत पंतांना बुडवता येईना. त्यांनी सकाळीच धुऊन आलेले कपडे घातले आणि ते बैठकीला गेले. खोटं कशाला सांगा, त्यांनी तिथे दोन लावण्या ऐकल्या, एक विडा खाल्ला आणि गादीच्या कोपऱ्यावर अंग चोरून बसून घाम गाळला. तिसऱ्या लावणीला मैनाबाईंनी त्यांच्याकडे पाहून भुवई उडवली, तेव्हा पंत "येतो" असं भिंतीला सांगून घरी आले. एवढंच. याहून एक सुपारीइतकंही जास्त घडलं नाही.

पण त्यानंतर थोड्याच दिवसांत पंतांना खाज सुटली.

खाज नेमकी कुठे सुटली हे सांगणं अवघड आहे. धोतराच्या आत, कमरेच्या खाली आणि गुडघ्याच्या पुष्कळ वर, एवढं म्हटलं की सुज्ञांना कळेल. आधी आग झाली, मग लाली आली, मग फोड आले आणि त्यांतून पाणी सुटलं. पंतांनी न्हाणीघरात दार लावून, एक डोळा मिटून आणि दुसरा अर्धवट उघडून पाहिलं, आणि तोही झटकन मिटून घेतला. गावात जिच्या गोष्टी दबल्या आवाजात चालत, जी बाहेरख्याली श्रीमंतांना होते, तीच ही गरमी! पुन्हा म्हणून पंतांनी तिकडे पाहिलं नाही.

शुचिर्भूत राहिलं तर उतरेल म्हणून ते दिवसातून तीनदा अंघोळ करून प्रत्येक वेळी धुवट लंगोट नेसू लागले. रोग चढतच गेला.

शेवटी न राहवून त्यांनी शेजारच्या केशवराव मास्तरांना गाठलं. केशवरावांना माहीत नाही अशी गोष्ट या भूमंडळात नव्हती, आणि ज्या होत्या त्या ते माहीत असल्यासारख्या सांगत.

"आमच्या एका पक्षकाराला जरा शंका आहे," पंत म्हणाले. "गरमी ओळखायची कशी?"

"सोपं आहे. तो माणूस बाईच्या बैठकीला गेलेला असतो. दुखणं भलत्या जागी असतं. आणि तो स्वतःचं म्हणून विचारत नाही, ओळखीच्या माणसाचं म्हणून विचारतो."

पंतांना ठसका लागला. "पण समजा, तो नुसताच बसला असेल. गादीवर. कोपऱ्यात."

"गादी तापलेली होती का?"

"चैत्रातली गादी, थंड कशी असेल?"

"मग झालं तर!" केशवरावांनी निकाल दिला आणि कडूनिंबाचा रस सुचवला. पंतांनी तो इतका प्यायला की त्यांना गूळसुद्धा कडू लागू लागला. खाज मात्र जिथल्या तिथे गोडीगुलाबीने नांदत होती. पंतांना खरं दुःख वेगळंच होतं. लोक पाप करून रोग घेतात, निदान पाप तरी पदरात पडतं. पंतांच्या वाट्याला नुसतीच शिक्षा आली होती, आणि या निकालावर अपील करायचं कुठे हे अर्जनविसालाही ठाऊक नव्हतं.

सरकारी दवाखाना होता म्हणा. तिथे डाक्तर चांगला होता, पण डाक्तरापर्यंत जायला ओसरीवरच्या कारकुनासमोरून जावं लागे, आणि त्या कारकुनाला देवाने गळा दिला होता तो शंख फुंकायला.

"नाव? बापाचं नाव? काय होऊन राहिलं? मोठ्यानं सांगा! खोकलेवाले इकडं, तापवाले तिकडं, गरमीवाले त्या कोपऱ्यात!"

त्या कोपऱ्याकडे अख्खी ओसरी टक लावून पाहत होती. आणि ओसरीतल्या निम्म्या लोकांचे अर्ज पंतांनी लिहिलेले. "अरे, पंत! तुमी काहून आले?" असं कोणी विचारताच पंतांचे पाय आपसूक खोकल्याच्या रांगेकडे वळले. ते इतकं मनापासून खोकले की डाक्तरने त्यांना खोकल्याच्या औषधाची मोठी बाटली दिली. पंतांनी ती संपवलीही, कारण सरकारी औषध टाकून देणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं.

मग राहिले जुन्या बाजारातले हकीम. पंतांनी दार लावून घेतलं आणि मनगट पुढे केलं.

हकीमसाहेबांनी नाडी पाहिली. "जगह दिखाइए."

"ते जमायचं नाही."

"पंतजी, बीमारी कलाई में होती तो बता देता." हकीमसाहेबांनी सुस्कारा टाकला. "ऐसा कीजिए, अकोले जाइए. वहाँ मोरोपंत शास्त्री हैं. इस मर्ज़ को पूरे बरार में उनसे अच्छा कोई नहीं पहचानता."

पंत उठले आणि उजवा जोडा डाव्या पायात घालून बाहेर पडले. अकोल्याचे मोरोपंत शास्त्री म्हणजे वैद्यकीत नावाजलेला माणूस, यात शंका नव्हती. पण ते रमाबाईंचे वडीलही होते.

आखिजी तोंडावर आली होती. न जावं तर बायको गेली, जावं तर रोग घेऊन कसं जावं? आपला हा शाप रमेला लागला तर? या विचाराने पंतांना खरोखर रडू आलं. ते ओट्यावर बसून डोळे पुसत होते, तोच खुशालरावांची दमणी, त्यांची छोटी बैलगाडी, दाराशी थांबली. पंतांना खोटं बोलायचंही त्राण उरलं नव्हतं. त्यांनी सगळं सांगून टाकलं.

खुशालराव मांडीवर थाप मारून म्हणाले, "बस्स? यवढ्यासाठी मानूस रडते का, राजेहो? चाला अकोल्याले! शास्त्रीबोवाले म्या सांगतो का हे दुखनं माह्यंच हाय. तुमी दारामागं बसून औशिद आयका. माह्यावालं नाव खराब झालं त झालं. आमच्या गावात त्याची कोनी चवकशी बी करत नाई."

आणि दमणी अकोल्याच्या वाटेला लागली. वाटेत खुशालराव दुखण्याची उजळणी करत होते, आणि पंत चाक खड्ड्यात गेलं की "हं, अशीच आग होते" असं सांगत होते.

अकोल्याला जावयाचं स्वागत झालं. पाट मांडला, तो पंतांनी दूर सरकवला. रमाबाई पाणी घेऊन आल्या, तर पंत दोन हात मागे सरले. जेवण झाल्यावर माजघरात दोघांना घटकाभर निवांतपणा मिळाला, तर पंत जाऊन पार खिडकीत बसले.

"नेम धरलाय," ते खालमानेने म्हणाले. "शिवाशिव नको."

"कशाचा नेम?"

नेमाला देव ठरवायचा पंत विसरले होते. ते भिंतीला अंग घासू लागले.

रमाबाईंच्या डोळ्यांत पाणी तरळलं. "माघापासून दिवस मोजून राहिले मी. तुम्ही मला न्यायला आले की सोडायला आले, एवढंच सांगा. दुसरी कोणी असेल तर तेही सांगून टाका. पण मी विंचू असल्यासारखे माझ्यापासून असे सरकू नका हो."

पंतांचा जीव गलबलला. त्यांनी तोंड उघडलं, पण तेवढ्यात बाहेरून मोरोपंतांची हाक आली, "कोण ते अंजनगावचे पाटील? या, बसा!" आणि पंत "आलोच" म्हणून दारामागे पळाले. रमाबाई पाहतच राहिल्या.

मोरोपंत शास्त्री उंच, सुकट आणि थंड डोळ्यांचे होते. रोगी काय म्हणतो यापेक्षा काय म्हणत नाही इकडे त्यांचं जास्त लक्ष असे. खुशालरावांनी पाठ केलेलं दुखणं एका दमात म्हणून दाखवलं.

"दुखतं?" मोरोपंतांनी विचारलं.

"आग होते, बाप्पा! जीव जाते."

"खाज?"

"खाज म्हंता? अर्ज लिवता लिवता मधातच उठून मानूस झाडाले अंग घासते!"

"तुम्ही अर्ज लिहिता?"

खुशालराव चपापले. "लिवत नाई. लिवून घेतो. लिवून घेता घेता बी खाजते."

"फोड किती?"

"लय. अन् पानी सुटते."

"मग ही गरमी नव्हे," मोरोपंत शांतपणे म्हणाले.

दारामागे पंतांनी कडी घट्ट धरली.

"गरमी अशी बोंबलत येत नाही," मोरोपंत पुढे म्हणाले. "तिचा व्रण बहुधा एकटाच येतो. कडेने सुपारीच्या खांडासारखा टणक. तो दुखत नाही, खाजत नाही. जांघेत गाठी येतात, त्याही फारशा दुखत नाहीत. म्हणून तर माणूस फसतो. काही दिवसांनी व्रण आपोआप भरून येतो आणि हा देवीला नारळ फोडतो. पण ती गेलेली नसते. आत जाऊन बसलेली असते. मग एक दिवस अंगावर, तळहातावर, तळपायावर तांबूस डाग उठतात. ते डागही बहुधा खाजत नाहीत."

खुशालरावांनी हळूच आपले दोन्ही तळहात उलटे करून पाहिले. मग ते तसेच मोरोपंतांपुढे धरले.

"शास्त्रीबोवा," त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "म्या संक्रांतीच्या मांगंपुढं अंबादेवीले नारळ फोडला होता. दुखलं नाई, खाजलं नाई, मंग आपल्यानंच गेलं. म्या म्हनलं, देवीची किरपा. अन् हातावरचं हे कापसाच्या बोंडाचं लागलं असन."

मोरोपंतांनी त्यांना आतल्या खोलीत नेऊन नीट तपासलं. बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा गंभीर होता, पण आवाजात माया होती. "तीच आहे. ऐकीव लक्षणांवर मी बोलत नाही, पाहिलं म्हणून सांगतो. पण वेळेत आलात. औषध लांबचं आहे, पथ्य कडक आहे आणि मी सोडल्याशिवाय जायचं नाही. घरी कोण?"

"गोदाबाई."

"तिलाही आणा. तिलाही पाहावं लागेल."

"थे मले मारन!"

"मारू द्या. माराने माणूस वाचतो, लपवण्याने वाचत नाही." मग मोरोपंतांनी डोळे बारीक केले. "आता सांगा, ते खाजतंय कोणाला?"

खुशालरावांनी छाती पुढे काढली. संकटात असले तरी ते दिल्या शब्दाचे पक्के होते. "थे म्या मेलो तरी नाई सांगनार. पंताले शब्द देल्ला हाय!"

मग मोरोपंत दाराकडे वळून म्हणाले, "जावईबापू, बाहेर या."

पंत बाहेर आले. सासऱ्यांपुढे गादीवर बसून त्यांनी खाली मान घालून सगळी कथा सांगितली. दोन लावण्या, एक विडा आणि गादीचा कोपरा. "केशवराव म्हणाले, तापल्या गादीवरून लागते."

"तापल्या गादीवरून लागत असती तर पहिली मला लागली असती. माझे सगळे रोगी याच गादीवर बसतात."

पंत ताडकन उठून उभे राहिले.

"उठलातच आहात तर आत चला," मोरोपंत म्हणाले. "दाखवल्याशिवाय सुटका नाही."

खोलीचं दार लागलं. पंत डोळे घट्ट मिटून भिंतीकडे तोंड करून उभे होते. बराच वेळ काही आवाजच येईना. पंतांना वाटलं, दुखणं इतकं भयंकर आहे की शास्त्रीबुवांची वाचा गेली. मग एक विचित्र हुंदक्यासारखा आवाज आला. पंतांनी एक डोळा उघडला. ज्यांना हसताना अकोल्यात कोणी पाहिलं नव्हतं ते मोरोपंत शास्त्री तोंडात उपरणं कोंबून गदगदत होते.

"जावईबापू," ते कसेबसे म्हणाले, "गरमी पाहण्यात माझा जन्म गेला. तिने आजवर कोणाच्या अंगावर त्रिशूळ काढला नाही!"

पंतांनी पहिल्यांदाच दोन्ही डोळे उघडून खाली पाहिलं. वरून तो उलटा दिसत होता, पण होता त्रिशूळच. तिन्ही टोकं, दांडा, सगळं जागच्या जागी. ठसठशीत.

"रमे!" मोरोपंतांनी हाक मारली. "यांचं गाठोडं सोड आणि एक धुवट लंगोट आण. आणि खोबरं किसायला घे."

रमाबाईंनी लंगोट आणला. त्यावर काळाकुळकुळीत त्रिशूळ होता. त्यांनी तो नाकाशी नेला आणि झटकन दूर धरला. "अग बाई! हा तर बिब्बा! अर्धा अर्धा बिब्बा ओतला की काय त्या शालिकरामनं? सुईनं कोपऱ्यात नुसती रेघ ओढायची, तर एवढं चित्र कोणी काढायला सांगितलं त्याला?"

कोणी सांगितलं ते पंतांनी सांगितलं नाही. पण त्यांचे कान लाल झाले, आणि रमाबाईंना नवऱ्याचे कान वाचता येत.

"बिब्बा उतलाय तुम्हाला, त्याच्या तेलानंच आले हे फोड," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही मला नेम सांगून राहिले! काय वाटलं होतं तुम्हाला?"

मोरोपंत अदबीने बाहेर गेले. पंतांनी मग बायकोला सारं सांगितलं, मैनाबाईंच्या भुवईसकट. ऐकता ऐकता रमाबाईंच्या कपाळावर आठी चढली, मग ती उतरली, मग ओठ थरथरले. "म्हणजे माझ्यापासून सरकत होते ते…"

"तुला लागू नये म्हणून," पंत म्हणाले. "मला काही झालं तरी चालेल. तुला नको."

जिवाचा अर्ज त्यांनी असा एका ओळीत लिहून टाकला. रमाबाई हसू लागल्या. इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, आणि त्यात मघाचं उरलेलं रडूही वाहून गेलं. मग त्यांनी खोबऱ्याची वाटी पुढे केली आणि म्हणाल्या, "घ्या, लावा. पुढच्या वेळी गरमी झाली की आधी मला विचारा."

निरोप पोचताच गोदाबाई अंजनगावाहून निघाल्या. त्यांनी ओसरीवर पाय ठेवल्या ठेवल्या खुशालरावांना जे ऐकवलं ते अर्ध्या अकोल्याने ऐकलं. ते संपल्यावर त्या शांतपणे मोरोपंतांपुढे बसल्या आणि म्हणाल्या, "हां शास्त्रीबोवा, आता पाहा मले." दोघं पार पोळ्यापर्यंत अकोल्यात औषधाखाली राहिले. पंतांचं दुखणं ऐकून आपण आलो नसतो तर काय झालं असतं, या विचाराने खुशालराव अधूनमधून पंतांच्या खाजेला हात जोडत. दमणी त्यांनी पंतांना दिली. तिच्यात बसून रमाबाई आपल्या घरी आल्या. सवयीने पंत कडेला सरकून बसले होते, ते बडनेऱ्याच्या अलीकडे कधी जवळ आले हे त्यांनाही कळलं नाही.

फोड बसले. खाजही गेली. पण बिब्ब्याचा डाग तो बिब्ब्याचाच. पंतांच्या अंगावर काळसर, नीटनेटका त्रिशूळ उमटला तो उमटलाच.

पुढच्या धुण्याला शालिकराम दाराशी आला. झाल्या प्रकाराने तो बिचारा इतका ओशाळला होता की त्याला मान वर करवेना. "पंत, आता कोनती खून काढू? काई तरी त पायजे. नाई त तुमचं दुसऱ्याच्या घरी जाईन."

पंतांनी तोंड उघडलं. पहिलं कलम, दुसरं कलम अशी जुळवाजुळव सुरू होती, तोच आतून रमाबाईंचा आवाज आला.

"काही नको हो खूण! कपडे गेले तर जाऊ द्या. यांच्यावर काढली ना तुम्ही, तेवढी पुरे. आता हे कुठंही हरवले तरी माझ्याच घरी परत येतील."